परतीच्या बोलीवर घेतलेला क्यामेरा

जळकोटात बैलाची पारख कुणाला कळती म्हणून इचारा, ल्हान पोरगंबी माझं घर दावंल. बलभीमदादा म्हणत्यात मला. शाळा चौथीपातूर, पर बैलाच्या पाठीवरनं हात फिरवला की त्यो कुठल्या गावचं पाणी पिऊन आला तेबी सांगतो. बाजारात म्या उभा ऱ्हायलो की दलाल आवाज खाली घेत्यात. ही बढाई न्हाय, इचारून बगा.

पर आज माझं सांगायचं न्हाय. आज माझ्या धाकट्या भनीचं सांगायचं हाय, चांगुणाचं. आपल्या भागात बायामाणसांत पैला क्यामेरा तिनं धरला. आन तो घेतला म्या, माझ्या पारखीनं. त्यात माझ्या हातनं काय झालं तेबी सांगणार हाय. झाकून ठिवणारा माणूस न्हाय म्या. म्हंजे चार दिस ठिवलं हुतं.

बहात्तरच्या दुष्काळात चांगुणा सासरहून परत आली. नवऱ्यानं दुसरी केली, हिला म्हणला, जा. पायात चांदीचे तोडे आन हातात एक गठुडं, एवढंच घिऊन आली. म्या म्हणलं, "चांगुणे, हे घर तुजं हाय. कुणी काय बोललं तर मला सांग." कुणी बोललं न्हाय. माझ्या म्होरं कोण बोलतंय?

त्या साली आमी समदे खडी फोडायला जायचो. आई, म्या, माझी मंडळी कमलबाई आन चांगुणा. एक डाव शेरातला कोण फोटोवाला कामावर आला. आई हातोडा घिऊन बसली हुती, त्यानं तिचा फोटो काढला. आई लाजली, म्हणली, "आरं बाबा, धुळीनं माखली की म्या." तो म्हणला, फोटो धाडून देतो. गाव, नाव समदं लिहून घेतलं. फोटो काय आला न्हाय. दोन वर्सांनी आई गेली. आईचा जिंदगीत एकच फोटो निघाला, आन तो कुणाच्या घरात हाय ते आमाला ठावं न्हाय. चांगुणा अजून म्हणती, "दादा, कुणीतरी आईला बघत असंल बगा, आन त्याला ती कोण ते म्हाईत नसंल."

म्होरं चांगुणा नळदुर्गला रेवणप्पा फोटोवाल्याच्या दुकानात कामाला लागली. सकाळच्या यष्टीनं जायची, सांजच्या यष्टीनं यायची. पैल्यांदा झाडलोट, मंग फोटो धुवायचं, वाळवायचं, कापायचं. सातवी शिकल्याली पोर, आन आमच्या घराण्याचं डोस्कं. तीन वर्सांत अंधाऱ्या खोलीतलं समदं काम तिच्या हातात आलं. रेवणप्पा म्हातारा झालता, डोळ्यात मोतीबिंदू. त्याचा एक जुना जपानी क्यामेरा हुता. त्याच्या काचेतनं बघितलं की म्होरचा माणूस दोन दिसतो, एकावर एक सरकल्यावानी. मंग म्होरची कडी हळूहळू फिरवायची. दोनाचा एक झाला की खटका दाबायचा. रेवणप्पा हसायचा, "चांगुणाबाई, आता मला कडी फिरवली तरी दोनच दिसत्यात. बायको नागम्माबी दोन दिसती घरात. एक संबाळता आली न्हाय, आता दोन कशा संबाळू?"

तवाच आमच्या गावात बायांची दूध सोसायटी निघायची हुती. आमची मंडळीबी त्यात हुती. सतरा बाया, सतरा अर्ज, आन दर अर्जावर फोटो. पैला एक फोटोवाला बाप्या बोलावला. तो क्यामेरा लावायचा आन समद्या बाया पदर हनुवटीपातूर वढायच्या. फोटो निघाले, सतरा पदर आले. सहकार खात्याचा सायब बघून म्हणला, "यात बाई कंची? तोंड उघडं पायजे. पंधरा दिसांत आणा, न्हायतर सोसायटी म्होरच्या सालावर जाईल."

त्या सांजला चांगुणा भाकरी थापता थापता म्हणली, "दादा, रेवणप्पानं क्यामेरा इकायला काढलाय. मला घिऊन द्या. बाया माझ्याम्होरं पदर काढत्याल."

कमलबाई म्हणली, "आन पैका?"

चांगुणानं काय केलं, पायातले तोडे काढून चुलीम्होरं ठिवले. म्हणली, "सासरची एवढीच निशाणी ऱ्हायली. चालताना वाजती तवा जीव नकोसा हुतो."

म्या म्हणलं, "सौदा म्या करणार. तू मदी बोलायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी नळदुर्ग. रेवणप्पानं क्यामेरा काचेच्या टेबलावर ठिवला. तपकिरी कातड्याचं घर, त्याला पट्टा. म्या उचलला. वजन चांगलं. पर इकणाऱ्याम्होरं मालाची तारीफ करायची न्हाय, हा बाजाराचा पैला कायदा. म्या म्हणलं, "कातडं उललंय."

"कातडं फोटो काढत न्हाय, बलभीमराव."

"कडी घट हाय."

"घट हाय म्हणून जाग्यावर ऱ्हाती."

"वय किती?"

"तुमच्या डाव्या बैलापेक्षा जास्त. पर ह्याला वैरण लागत न्हाय."

चांगुणा खाली बघून हसत हुती. म्या खांद्यावरचा रुमाल काढला, रेवणप्पाच्या हातावर टाकला आन रुमालाखाली त्याची बोटं धरली. बैलाचा सौदा असाच हुतो, तोंडानं न्हाय, बोटानं. रेवणप्पा म्हणला, "हे काय करताव?" म्या म्हणलं, "गप बसा, भाव चाललाय." म्हाताऱ्याला पैल्यांदा गुदगुल्या झाल्या, मंग समजलं. आमी लई येळ बोटं धरून बसलो. गिऱ्हाइकं उभी ऱ्हाऊन बघत हुती. शेवटी सौदा झाला: तोडे, आन वर काय ते रुमालाखालचं. ते म्या सांगणार न्हाय. रुमालाखालचा भाव रुमालाखालीच ऱ्हातो.

आन वर म्या बोली घातली, "आठ दिस परतीच्या बोलीवर. बैल घेतला तरी आठ दिस जुपून बघतो आमी. खोड निघाली तर माल तुमचा, तोडे आमचे."

रेवणप्पा म्हणला, "मंजूर." तोडे गल्ल्यात ठिवले, न मोडता. मंग चांगुणाकडं बघून म्हणला, "फिल्म आत असताना मागचं दार उघडायचं न्हाय. उजेड शिरला की समदं गेलं." हे त्यानं मला सांगितलं न्हाय, तिला सांगितलं. म्या तवा पट्टा गळ्यात घालून आरशात बघत हुतो.

गावात आल्यावर म्या म्हणलं, "पैला फोटो माझा." चांगुणानं मला ढवळ्या बैलाशेजारी उभं केलं. म्या छाती काढली, पटका नीट केला. ती डोळा लावून कडी फिरवत ऱ्हायली.

"दादा, श्वास सोडा."

"फोटो काढ की."

"तुमी अजून दोन हायसा."

"दोन बलभीम गावाला झेपायचे न्हायत, लवकर एक कर."

खट वाजलं.

मंग तीन दिस ती घरोघर हिंडली. पैल्यांदा बसायची, च्या प्यायची, भाकरी भाजू लागायची. क्यामेरा मांडीवर. कुणी हात लावला तर लावू द्यायची. काचेतनं बघू द्यायची. गजराबाईनं काचेतनं आपल्या सासूला बघितलं आन म्हणली, "आगं बया, दोन!" आन क्यामेरा टाकूनच दिला असता. हळूहळू पदर कपाळावर, मंग डोक्यावर. एक एक करून सतरा. शेवटची धुरपदाबाई. पासष्टीची बाई, नात्यानं माझी मामी. तिच्या नवऱ्यानंबी तिला उजेडात धड बघितली नसंल, असा तिचा पदर. चांगुणा तिच्या वट्यावर दोन तास बसली. काय बोलली ते मला म्हाईत न्हाय. धुरपदामामीनं पदर मागं सारला, एवढं खरं.

आता माझं.

मामीचा फोटो निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा हिरीवर धुणं घिऊन गेलती. क्यामेरा कोनाड्यात. म्या म्हणलं, जरा रस्त्यावरच्या हाटेलात दावून यावा. पट्टा गळ्यात घातला आन गेलो. हायवेवर ट्रका उभ्या, माणसं बसल्याली. रामलिंग हाटेलवाला म्हणला, "या फोटोग्राफर!" म्या समद्यांना दावला. भाव कसा पाडला ते सांगितलं, रुमालाचं सांगितलं. रामलिंग लई खवट. म्हणला, "दादा, बैल घेताना त्वांड उघडून दात बघताव. ह्याचे बघितले का?"

समदे हसले.

म्या म्हणलं, "दात बघितल्याबिगर बलभीम माल घेत न्हाय." आन मागची कड वढली. दार उघडलं.

भर दुपारचं ऊन. आत करड्या रंगाची फिल्म, सापाच्या कातीवानी चकचकीत. म्या म्हणलं, "बगा, दोन दाती हाय, तरणा माल." समदे वाकून बघून गेले. मंग म्या दार लावलं, आन लावता लावता रेवणप्पाचा आवाज कानात आला. उजेड शिरला की समदं गेलं. पर मनात म्हणलं, घराचं दार उघडलं म्हणून घरातली भांडी जात्यात व्हय? घरी आलो आन क्यामेरा हुता तसा कोनाड्यात ठिवला.

चांगुणा फिल्म घिऊन नळदुर्गला गेली. सांजच्या यष्टीनं परत आली. चेहरा बघूनच मला समजलं.

"काळी आली, दादा. समदी फिल्म काळी ठिक्कर."

कमलबाई म्हणली, "समद्यांचे?"

"समद्यांचे. पैला दादाचा तेवढा अर्धामुर्धा वाचलाय." तिनं पदराच्या गाठीतनं फोटो काढला. ढवळ्या समदा आलता, शिंगापातूर शेपटीपातूर. म्या अर्धाच. उरलेला अर्धा पांढऱ्या उजेडात गेल्याला.

"रेवणप्पा म्हणले, दाराची कड गेली असंल, उजेड शिरतोय. जुना माल हाय, परत आण म्हणले. लोहारा गावचं एक गिऱ्हाईक सुट्या भागांसाठी घ्यायला तयार हाय. परवा आठ दिस संपत्यात."

तवाच बोलायचं हुतं. त्वांड उघडलं न्हाय. दोन दिस म्या बैलाला वैरण टाकली, पाणी पाजलं, कुणाच्या डोळ्याला डोळा दिला न्हाय. गावात बाया म्हणायला लागल्या, चांगुणीनं काढल्याले चेहरे काळे आले, काय चांगलं न्हाय ते. नवऱ्यानं टाकल्याली, तिचा हातच तसला. हे माझ्या कानावर आलं. दुसऱ्या कुणाच्या भनीला असं म्हणलं असतं तरी म्या भांडलो असतो. आन हितं भांडायचं कुणाशी?

आठव्या दिवशी ती निघाली. म्या म्हणलं, "म्याबी येतो." यष्टीत तिनं क्यामेरा मांडीवर धरला हुता, दोनी हातांनी, दवाखान्यात लेकरू न्यावं तसा.

दुकानात रेवणप्पानं गल्ल्यातनं तोडे काढले आन काचेवर ठिवले. वाजले. चांगुणाचा चेहरा असा झाला की जणू कुणी ते तिच्या पायात पुन्ना घालायला निघालंय. तिनं क्यामेरा गळ्यातनं काढला.

म्या म्हणलं, "थांब."

रेवणप्पा म्हणला, "काय बलभीमराव, अजून सौदा?"

"क्यामेऱ्यात खोड न्हाय. खोड माझ्यात हाय." आन समदं सांगितलं. हाटेल, रामलिंग, दात, ऊन. सांगताना म्या रेवणप्पाकडं बघत हुतो, त्याला धड दिसत न्हाय म्हणून.

रेवणप्पानं ती काळी फिल्म उजेडाला धरली, डोळ्याजवळ नेली. "व्हय की. दाराची कड गेली असती तर पट्टे पडले असते. ही तर रान पेटवल्यावानी जळलीया. आतला एकच वेढा वाचला." मंग तोडे उचलून गल्ल्यात टाकले. "माल तुमचा."

परतीच्या यष्टीत माझ्या शेजारची जागा मोकळी असून चांगुणा म्होरं जाऊन बसली. आमच्या जन्मात असं झालं न्हवतं.

गावात उतरल्यावर बोलली. "दादा, फिल्म दुसरी मिळंल. त्याचं काय न्हाय. सतरा पदर म्या एकेक करून वर केलते. आता त्या कुणाच्या शब्दावर पुन्ना करत्याल?"

"माझ्या."

"तुमच्या?"

"म्या सांगतो. घरोघर."

"तुमी चुकलो म्हणणार? लोकांच्या दारात?"

"का? मला काय म्हणता येत न्हाय व्हय?"

गेलो. एकेका दाराम्होरं उभा ऱ्हाऊन सांगितलं, क्यामेरा चांगला हाय, माझ्या भनीचा हात चांगला हाय, दार म्या उघडलं. सोळा घरं, पैलं आमचंच. हाटेलातबी सांगितलं, रामलिंगच्या तोंडावर. सबंद तालुक्यात अशी चूक कबूल केल्याला एक माणूस दावा मला. पुढारी तर सोडाच, गुरुजीबी दावता येणार न्हाय. बाया हसल्या, कुणी टोमणा मारला, कुणी च्या पाजला. गजराबाई म्हणली, "दादा, म्हशीची धार काढताना तेवढं दात बघू नका." सोळा जणी तयार झाल्या.

सतरावं घर धुरपदामामीचं.

चांगुणा नवी फिल्म घातल्याला क्यामेरा घिऊन संगं हुती. मागं आमची कमलबाई, गजराबाई आन आणखी चार-पाच बाया, तमाशा बघायला आल्याल्या. मामी वट्यावर बसल्याली, पदर छातीपातूर.

म्या समदं सांगितलं.

पदराआडनं आवाज आला. "बलभीमा, पन्नास वर्सं पदर संबाळला. एक डाव ह्या पोरीसाठी काढला. तू तो उनात वाळत घातलास. आता न्हाय."

"मामी, चुकलो म्हणतो की."

"चुकलो म्हणाया काय जातंय? पदर माझा गेला, तुजं काय गेलं?"

चांगुणा म्हणली, "जाऊ द्या दादा. सोळा तर सोळा." पर सायबानं सतरा सांगितले हुते. एक कमी तर सोसायटी न्हाय, हे तिला ठावं, मला ठावं, मामीलाबी ठावं.

मामी म्हणली, "एक करतोस का? तू पटका काढ, म्या पदर काढते."

माझा हात आपसूक पटक्याकडं गेला.

आता हे सांगायला पायजे. माझं टक्कल. बत्तीसाव्या वर्सापासनं. कमलबाईबिगर कुणी बघितलं न्हवतं. म्या गावात सांगायचो, माझे केस एवढे दाट की पटका बसत न्हाय. झोपतानाबी टापरं बांधून झोपायचो. आन बाप्यानं बायांम्होरं उघड्या डोक्यानं उभं ऱ्हायचं म्हंजे आमच्याकडं घरात कुणी गेल्यावरच.

म्या चांगुणाकडं बघितलं. ती नको म्हणून मान हलवत हुती. तिच्या पायाकडं नजर गेली. तोडे न्हवते. घोट्यावर त्याचा काळा वळ अजून हुता.

म्या पटका काढला. एकेक वेढा सोडवला, नऊ हात कापड, आन दोनी हातांत धरून उभा ऱ्हायलो. ऊन लागलं डोक्याला. कवाच न लागल्याली जागा.

मंग मामीचा पदर थोडा हलला, आन आतनं आवाज आला, "आगं बया! हे तर बोरामणीच्या माळावानी हाय, एक काडी न्हाय!" आन ती हसायला लागली. हसता हसता पदर मागं गेला, तिचा तिनं सारला का हसण्यानं पडला देव जाणं. तोंडात चार दात, डोळ्यांतनं पाणी. गजराबाई खाली बसली हसून. कमलबाईनं लाजून तोंड फिरवलं.

चांगुणा हसली न्हाय. तिनं डोळा लावला हुता. कडी फिरवली, हळूच, आन खट.

मंग क्यामेरा खाली घिऊन ती माझ्याजवळ आली. माझ्या हातातला पटका घेतला. म्या वाकलो. तिनं बांधायला घेतला, आई बांधायची तसा, डाव्या कानावरनं. तिला आईचा हात आठवत असंल असं मला वाटलं न्हवतं.

"दादा," ती म्हणली, "आता तुमी एकच दिसताव."

सायबानं फोटो बघितले. धुरपदामामीचा बघून म्हणला, "ह्या बाई अर्जावर हसत्यात कशा?" पर त्वांड उघडं हुतं, त्याला काय बोलता येईना. सोसायटी झाली. म्होरं अणदूर, नळदुर्ग, बेंबळीपातूर कुठंबी बायांचे फोटो काढायचे असले की चांगुणाला बोलावणं यायचं. सोयरिकीचे फोटो, बारशाचे, डोहाळजेवणाचे. चांगुणाबाई फोटोवाल्या म्हणत्यात तिला. तिनं क्यामेऱ्याला जाड कापडाची खोळ शिवलीया, मागच्या बाजूला सात गाठी. कुणी इचारलं एवढ्या गाठी कशाला, तर म्हणती, "आमच्या दादाला दात बघायची सवय हाय."

आमच्या घरात आईचा फोटो न्हाय. भिताडावर माझा अर्धा हाय, आन सबंद ढवळ्या.

धुरपदामामी गेल्या साली गेली. तिच्या लेकांनी तोच फोटो मोठा करून वट्यावर लावला, हार घालून. येणारा जाणारा बघतो, अशी खळखळून हसणारी मयत बाई कुणी बघितल्याली नसंल. दहाव्याला पावणे इचारत हुते, म्हातारी कुणाला बघून एवढी हसतीया? चांगुणा शेजारी बसली हुती. तिनं माझ्याकडं बघितलं. म्या पटका जरा नीट केला.

मंग म्याच म्हणलं, "मला."